प्रक्रिया, प्रोसिजर आणि वर्क इन्स्ट्रक्शन: कोणता मजकूर कुठे लिहायचा?

प्रश्न थोडक्यात असा: यंत्रभाग बनवणाऱ्या एका कारखान्यात साठेक कागद तयार आहेत. सगळ्यांवर 'एसओपी' (स्टँडर्ड ऑपरेटिंग प्रोसिजर, म्हणजे कामाची ठरलेली पद्धत) असं लिहिलेलं आहे. प्रमाणन ऑडिटमध्ये विचारणा झाली की यातली तुमची प्रोसेस, म्हणजे प्रक्रिया, कोणती, आणि कुणालाच नीट उत्तर देता आलं नाही. तर प्रक्रिया, प्रोसिजर आणि वर्क इन्स्ट्रक्शन यांत नेमका फरक काय, आणि तिन्ही वेगवेगळे लिहिणं बंधनकारक आहे का?

बंधनकारक नाही. फरक मात्र खरा आहे, आणि तो कागद किती पानांचा आहे यावर ठरत नाही. बहुतेक प्रशिक्षणांत पिरॅमिडचं चित्र दाखवतात: वर क्वालिटी मॅन्युअल, खाली प्रोसिजर, त्याखाली वर्क इन्स्ट्रक्शन, तळाला फॉर्म आणि नोंदी. त्या चित्रातून समज असा होतो की वरून खाली येताना फक्त तपशील वाढत जातो. इथेच घोटाळा सुरू होतो, कारण प्रक्रिया हा मुळात कागदच नाही. ती प्रत्यक्ष चालणारी कामांची साखळी आहे. तुम्ही एक ओळही लिहिली नाही तरी माल येतो, तपासला जातो, स्टोअरमध्ये जातो किंवा परत जातो. प्रोसिजर म्हणजे ती साखळी किंवा तिच्यातलं एखादं काम कोणत्या ठरलेल्या रीतीने करायचं हे. कोणी, केव्हा, कोणाकडून घेऊन कोणाकडे द्यायचं, आणि वाट फुटते तिथे निर्णय कोणाचा. वर्क इन्स्ट्रक्शन एका माणसासाठी असते: या जागी, या साधनाने, हे एक काम हाताने कसं करायचं.

गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकांची शब्दावली देणाऱ्या आयएसओ ९०००:२०१५ मधल्या व्याख्याही हेच सांगतात. कलम ३.४.१ नुसार प्रक्रिया म्हणजे अपेक्षित फलित मिळवण्यासाठी इनपुट वापरणाऱ्या, एकमेकींशी जोडलेल्या क्रियांचा संच. कलम ३.४.५ नुसार प्रोसिजर म्हणजे एखादी क्रिया किंवा प्रक्रिया पार पाडण्याची ठरवून दिलेली रीत, आणि तिथल्या टिपेत स्पष्ट म्हटलं आहे की प्रोसिजर लेखी असू शकते किंवा नसूही शकते. वर्क इन्स्ट्रक्शनची वेगळी व्याख्या त्या शब्दावलीत नाही.

आता एकच उदाहरण घेऊन तिन्ही पाहू. बाहेरून ग्राइंडिंग करून येणारा २५ मिमी व्यासाचा स्टीलचा शाफ्ट. ड्रॉइंगवर टॉलरन्स (मापात चालणारी सूट) एच७ आहे, शाफ्टसाठीचा लहान अक्षरातला h, म्हणजे व्यास २४.९७९ ते २५.००० मिमी. २१ मायक्रॉनचा पट्टा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग).

येणाऱ्या मालाची तपासणी ही प्रक्रिया. तिची इनपुट म्हणजे आलेला लॉट, परचेस ऑर्डर, चालू रिव्हिजनचं (सुधारित आवृत्तीचं) ड्रॉइंग, पुरवठादाराचं टेस्ट सर्टिफिकेट. आउटपुट विचारलं की बहुतेक जण 'तपासणी अहवाल' म्हणतात. तो नोंदीचा कागद झाला. खरं आउटपुट म्हणजे लाइनवर बिनधोक वापरता येईल असा स्वीकारलेला लॉट, ओळखता येईल असा वेगळा ठेवलेला नाकारलेला लॉट, आणि खरेदी विभागाला व पुरवठादाराला मिळालेली माहिती. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण मोजमाप आउटपुटवरून ठरतं. आउटपुट 'अहवाल' धरलं तर 'महिन्यात किती लॉट तपासले' हे मोजलं जातं, आणि त्या आकड्यावरून प्रक्रिया चांगली चालली आहे की वाईट, काहीच कळत नाही. आउटपुट 'बिनधोक लॉट' धरलं की मोजायचं ते आपोआप दिसतं: तपासणीत पास होऊनही लाइनवर सदोष निघालेले लॉट किती, आणि माल गेटवर आल्यापासून निर्णय होईपर्यंत किती वेळ गेला. हे दोन आकडे एकत्रच पाहावेत. नुसता वेळ कमी करायला गेलात तर तपासणी उरकली जाते.

प्रक्रियेला मालक लागतो, म्हणजे निकाल बिघडला तर बदल करण्याचा अधिकार असलेला माणूस. प्रमाणन ज्यावर होतं त्या आयएसओ ९००१:२०१५ या मानकाच्या कलम ४.४.१ मध्ये प्रक्रियेबद्दल काय ठरवायचं याची यादी आहे: इनपुट आणि अपेक्षित आउटपुट, क्रम आणि परस्परसंबंध, निकष व मोजमाप, साधनं, जबाबदारी व अधिकार, जोखीम व संधी, मूल्यमापन आणि सुधारणा. या यादीत 'पायरी एक, पायरी दोन' कुठेच नाही. तुमच्या साठ कागदांतल्या एकावरही मालक आणि मोजमाप नसेल, तर 'प्रोसेस कोणती' या प्रश्नाला उत्तर न मिळणं स्वाभाविक आहे.

आणखी एक गोष्ट सर्रास चुकते. 'खरेदी', 'उत्पादन', 'गुणवत्ता' ही विभागांची नावं लिहून त्यांनाच प्रक्रिया म्हटलं जातं. प्रक्रिया विभागांच्या भिंती ओलांडून जाते. आपल्या उदाहरणात स्टोअर, तपासणी, खरेदी आणि डिझाइन असे चार विभाग येतात. दोष बहुतेक वेळा विभागाच्या आत नसतो, दोन विभागांच्या मध्ये काहीतरी हातातून निसटतं तिथे असतो. विभागवार नकाशावर नेमक्या त्याच जागा दिसत नाहीत.

आता प्रोसिजर. तिचं मर्म वाट फुटण्याच्या जागी असतं. माल आला, ऑर्डरशी पडताळला, नमुने काढले, मोजले, ठीक आले, स्टोअरमध्ये गेले, ही सरळ वाट लिहायला सोपी आहे आणि तिच्यासाठी खरं तर कोणाला कागदाची गरज पडत नाही. पुढचे प्रश्न अवघड असतात. टेस्ट सर्टिफिकेट आलंच नसेल तर तपासणी सुरू करायची की थांबायचं? एक नग मापाबाहेर निघाला तर पूर्ण लॉट होल्ड करायचा की आणखी नमुने काढायचे? होल्डवरचा लॉट सोडण्याचा अधिकार कोणाचा? तो माणूस रजेवर असेल तर? लाइन थांबली आहे आणि तपासणी पुरी झालेली नाही, तरी माल द्यायचा का?

शेवटच्या प्रश्नावर मानकात थेट तरतूद आहे. कलम ८.६ प्रमाणे ठरवलेल्या पडताळण्या समाधानकारक पूर्ण झाल्याशिवाय उत्पादन ग्राहकाकडे सोडायचं नाही. सोडायचं असेल तर संबंधित अधिकाऱ्याची, आणि लागू असेल तिथे ग्राहकाची मंजुरी हवी. निकषांशी जुळल्याचा पुरावा आणि कोणी सोडलं याचा माग ठेवणंही तिथेच सांगितलं आहे. आत येणाऱ्या मालालाही हीच शिस्त लावावी. तातडीने सोडलेला लॉट कोणत्या जॉबमध्ये गेला याचा माग हवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी तपासणीत तो नापास झाला तर परत शोधायचा कुठे? प्रोसिजरमध्ये एवढा एक परिच्छेद नीट असेल तर बाकीची तीन पानं नसली तरी चालतील असं माझं मत आहे.

प्रोसिजरमध्ये माणसांची नावं घालू नयेत, पदं घालावीत. आणि मापं अजिबात घालू नयेत. २४.९७९ हा आकडा प्रोसिजरमध्ये आला की ड्रॉइंगची रिव्हिजन बदलली रे बदलली, प्रोसिजरही बदलावी लागते. ती बदलायची राहते, आणि मग एकाच शाफ्टसाठी दोन अधिकृत मापं कारखान्यात फिरत राहतात.

वर्क इन्स्ट्रक्शन मात्र मापाशिवाय निरुपयोगी आहे. 'शाफ्टचा व्यास ड्रॉइंगप्रमाणे तपासा' हे वाक्य इन्स्ट्रक्शन नव्हे. त्यात तपासणाऱ्याला आधी माहीत नव्हतं असं काहीही नाही. आपल्या शाफ्टसाठी ती साधारण अशी दिसेल:

१. शाफ्ट आणि मायक्रोमीटर तपासणीच्या टेबलावर किमान एक तास शेजारी ठेवा. मशीनवरून किंवा उन्हातून आलेला गरम भाग लगेच मोजू नका.
२. ० ते २५ मिमीचा, ०.००१ मिमी लीस्ट काउंटचा (तेवढा बारीक फरक वाचणारा) मायक्रोमीटर घ्या. कॅलिब्रेशनच्या लेबलवरची तारीख पाहा.
३. मोजणारी दोन्ही तोंडं पुसा. शून्यावर आणि २५ मिमीच्या स्लिप गेजवर (नेमक्या मापाच्या ठोकळ्यावर) वाचन घ्या. कुठेही ०.००२ मिमीपेक्षा जास्त फरक आला तर ते साधन बाजूला ठेवा.
४. शाफ्टवर तीन ठिकाणी मोजा: दोन्ही टोकांपासून ५ मिमी आत आणि मधोमध. प्रत्येक ठिकाणी एकमेकांना काटकोनात दोन वाचनं.
५. रॅचेटने (टोकाच्या टक्-टक् वाजणाऱ्या खुंटीने) मिटवा आणि तीन टक् ऐका. थिंबल (फिरवायची नळी) धरून आवळू नका.
६. सहाही वाचनं २४.९७९ ते २५.००० मध्ये हवीत. वाचलेला आकडा लिहा. 'ठीक' असं लिहू नका.
७. एखादं वाचन बाहेर गेलं तर भाग आणि तोंडं पुसून एकदाच पुन्हा मोजा. पुन्हा बाहेर आलं तर थांबा, लॉटला होल्ड टॅग लावा, तपासणी पर्यवेक्षकाला कळवा.

यातली प्रत्येक ओळ एखादी ठरावीक चूक टाळण्यासाठी आहे. लांबीमापनाचं प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस आहे. स्टील दर अंशाला मीटरमागे सुमारे ११.५ मायक्रॉन वाढतं, म्हणजे २५ मिमीचा शाफ्ट साधनापेक्षा २० अंश गरम असेल तर व्यास जवळजवळ ६ मायक्रॉन जास्त दिसतो. २१ पैकी ६. चांगला माल नाकारला जातो, आणि त्याहून वाईट म्हणजे खालच्या मर्यादेबाहेरचा माल पास होतो. लीस्ट काउंट ०.०१ मिमी असलेल्या मायक्रोमीटरने २१ मायक्रॉनचा पट्टा मोजायचा म्हटलं तर आत फक्त दोन-तीन रेघा मिळतात; टॉलरन्सच्या दहाव्या हिश्शापर्यंत वाचणारं साधन हवं, हा रूढ नियम. २५ ते ५० मिमीचा मायक्रोमीटर इथे चालणारच नाही, कारण सगळा पट्टा २५ च्या खाली आहे. नवा माणूस ड्रॉइंगवर '२५' पाहून हमखास तोच उचलतो. आणि सातव्या ओळीतला 'एकदाच' हा शब्द नसेल तर मनासारखं वाचन येईपर्यंत मोजत राहण्याची वाट उघडी राहते.

सातवी ओळ कुठे संपते तेही पाहा. 'थांबा, टॅग लावा, कळवा.' लॉटचं पुढे काय करायचं हे इन्स्ट्रक्शनमध्ये नाही, कारण तो निर्णय मोजणाऱ्याचा नाही. तिथून प्रोसिजर सुरू होते. दोन कागदांमधली सीमा ठरवायला याहून चांगली खूण नाही: काम एका माणसाच्या हातातून दुसऱ्याकडे गेलं की इन्स्ट्रक्शन संपली.

आणखी एक सूक्ष्म गोष्ट. सेंटरलेस ग्राइंडिंगमध्ये (भाग केंद्रांवर न धरता चाकांमध्ये फिरवून घासताना) शाफ्ट कधीकधी किंचित तीन फुगवट्यांचा होतो. दोन बिंदूंवर मोजणारा मायक्रोमीटर असा शाफ्ट कुठूनही मोजला तरी जवळजवळ सारखाच व्यास दाखवतो. दोष दिसतच नाही. त्यासाठी व्ही-ब्लॉक आणि डायल लागतं. इन्स्ट्रक्शन कितीही काटेकोर पाळली तरी ही चूक पकडली जाणार नाही. काय मोजायचं हेच चुकलेलं आहे, आणि ते ठरतं प्रक्रियेच्या पातळीवर, तपासणी योजना आखताना.

म्हणून या तिघांतला फरक ऑडिटपेक्षा जास्त कामाला येतो तो चूक झाल्यावर. समजा, मापाबाहेरचे शाफ्ट असेंब्लीत पोहोचले आणि बेअरिंग बसेना. तक्रार एकच आहे. कारण मात्र तीन वेगळ्या पातळ्यांवर असू शकतं.

तपासणाऱ्याने चुकीच्या साधनाने मोजलं असेल, तर इन्स्ट्रक्शन नव्हती, चुकीची होती किंवा त्या टेबलापर्यंत पोहोचलेलीच नव्हती. उपाय तिथे. मोजमाप बरोबर होतं, होल्ड टॅगही होता, पण रात्रपाळीत माल हवा होता आणि कोणी सोडायचा हे ठरलेलं नसल्याने कोणीतरी उचलून नेला, तर दोष प्रोसिजरमध्ये आहे. तपासणाऱ्याला पुन्हा प्रशिक्षण देऊन काहीही होणार नाही. आणि डिझाइनने शाफ्टचं फिट (बेअरिंगमध्ये किती घट्ट बसायचं ते) बदललं, पण नवी रिव्हिजन खरेदीपर्यंत गेलीच नाही, पुरवठादाराने जुन्या मापाने शाफ्ट बनवले आणि तपासणीनेही जुन्याच मापाने पास केले, तर सगळ्यांनी आपापले कागद तंतोतंत पाळलेले आहेत. इथे दोन प्रक्रियांमधला दुवाच नाही. तो बांधायचा अधिकार तपासणी पर्यवेक्षकाला नसतो, वरच्या पातळीला असतो.

'करेक्टिव्ह ॲक्शन (चूक पुन्हा होऊ नये म्हणूनचा उपाय): एसओपी सुधारली, कामगारांना प्रशिक्षण दिलं' हे वाक्य प्रत्येक तक्रारीखाली दिसतं. तिघांपैकी फक्त पहिल्या प्रकारात त्याला अर्थ आहे, तोही कधीकधी. तुमच्याकडे एकाच स्वरूपाची तक्रार दोनतीनदा परत आली असेल तर आधी हे तपासा की उपाय चुकीच्या पातळीवर तर केला जात नाही ना.

किती लिहायचं, हा पुढचा प्रश्न. आयएसओ ९००१ च्या १९९४ च्या आवृत्तीत वीस घटक होते आणि जागोजागी लेखी प्रोसिजर मागितल्या होत्या. जाडजूड फायली ठेवण्याची सवय तिथून आली. २००० मध्ये प्रक्रियांवर आधारलेली मांडणी आली आणि नाव घेऊन मागितलेल्या लेखी प्रोसिजर सहावर आल्या. २००८ मध्येही सहाच राहिल्या: दस्तऐवज नियंत्रण, नोंदींचं नियंत्रण, अंतर्गत ऑडिट, सदोष उत्पादनाचं नियंत्रण, करेक्टिव्ह ॲक्शन, प्रिव्हेन्टिव्ह ॲक्शन. २०१५ मध्ये ही सक्तीही गेली, मॅन्युअलचीही गेली. कलम ४.४.२ म्हणतं, प्रक्रिया चालवायला आधार म्हणून जेवढी लागेल तेवढी माहिती लेखी ठेवा, आणि ७.५.१ च्या टिपेत म्हटलं आहे की ती किती हे संस्थेचा आकार, प्रक्रियांची गुंतागुंत आणि माणसांची क्षमता यांवर अवलंबून आहे. मात्र तुम्ही वाहन उद्योगाला पुरवठा करत असाल तर त्या उद्योगाचं मानक आयएटीएफ १६९४९ अनेक ठिकाणी लेखी प्रक्रिया मागतं, आणि कलम ८.५.१.२ मध्ये कामाच्या सूचना कामगारांना समजणाऱ्या भाषेत, वाचता येतील अशा आणि कामाच्या जागी उपलब्ध हव्यात असं सांगतं. वैद्यकीय उपकरणांसाठीच्या आयएसओ १३४८५:२०१६ मध्येही लेखी प्रोसिजरच्या मागण्या कायम आहेत.

'क्षमता' हा मुद्दा नीट समजून घ्या. पात्रता चाचणी दिलेल्या वेल्डरला टॉर्च कशी धरायची हे लिहून देऊ नका. तो कागद वाचला जाणार नाही, आणि त्याच्यासोबत बाकीचे कागदही वाचायचे बंद होतात. पण करंट, व्होल्टेज, प्रीहीट, फिलर वायर हे त्यालाही लेखीच हवं, कारण वेल्डच्या आतला दोष नंतर नुसत्या नजरेने सापडत नाही. अशा कामांना, जिथे निकाल पुढे पडताळता येत नाही, कलम ८.५.१ मध्ये प्रक्रियेचं व्हॅलिडेशन, म्हणजे ती हवा तो निकाल देऊ शकते हे सिद्ध करणं, वेगळं सांगितलं आहे. थोडक्यात, कौशल्य लिहू नका, सेटिंग लिहा.

आता तुमच्या साठ कागदांचं. प्रत्येक कागद घ्या आणि तीन रंगांनी खुणा करा: हेतू, निकाल आणि मोजमाप सांगणाऱ्या ओळी एका रंगात; 'कोण कोणाला' सांगणाऱ्या दुसऱ्यात; हात, डोळे, साधन आणि आकडे सांगणाऱ्या तिसऱ्यात. पहिला रंग जवळजवळ कुठेच नाही आणि बाकीचे दोन एकमेकांत मिसळलेले, असं बहुतेक दिसेल. मिसळण्याचं नुकसान मंजुरीत होतं. एका इन्स्ट्रक्शनमधला एक आकडा बदलायला चार विभागप्रमुखांच्या सह्या लागणार असतील, तर कामगार तो आकडा पेन्सिलने खोडून शेजारी नवा लिहितो, आणि त्याच्या दृष्टीने त्याचं बरोबरच असतं. इन्स्ट्रक्शनचा बदल प्रोसेस इंजिनिअर आणि तपासणीप्रमुख यांच्या सहीने एका दिवसात झाला पाहिजे. प्रोसिजरला तिच्यात येणाऱ्या सगळ्या विभागांची संमती हवी, कारण तो त्यांच्यातला करार आहे.

इन्स्ट्रक्शनमध्ये माप लिहिताना शेजारी ड्रॉइंग क्रमांक आणि रिव्हिजन लिहा, आणि दस्तऐवज यादीत 'या ड्रॉइंगवर अवलंबून असलेल्या इन्स्ट्रक्शन' असा रकाना ठेवा. ड्रॉइंग बदललं की काय काय बदलायचं ते तिथे दिसेल. कागदांना क्रमांक देताना मानकाच्या कलमांचे आकडे वापरू नका. २००८ मध्ये आवश्यकता कलम ४ ते ८ मध्ये होत्या, २०१५ मध्ये त्या ४ ते १० अशा नव्याने मांडल्या गेल्या, आणि कलमांवरून क्रमांक दिलेल्या सगळ्या फायली रातोरात निरर्थक झाल्या.

आधी एका मोठ्या कागदावर प्रक्रियांचा नकाशा काढा. तुमच्या आकाराला आठ ते बारा पुरतात. प्रत्येकीखाली मालक, आउटपुट, एक-दोन मोजमापं. मग फक्त जिथे काम हात बदलतं किंवा वाट फुटते तिथे प्रोसिजर. मग फक्त जिथे चूक झाल्यास महाग पडते किंवा नंतर सापडत नाही तिथे इन्स्ट्रक्शन. अगदी लहान कारखान्यात नकाशा आणि प्रोसिजर एकाच पानावर बसल्या तरी हरकत नाही. कोरा फॉर्म हा दस्तऐवज, त्याला रिव्हिजन असते. भरलेला फॉर्म ही नोंद, ती बदलायची नाही, जपायची.

नवी इन्स्ट्रक्शन लावण्याआधी तिची चाचणी घ्या. ते काम न केलेल्या, पण साधनं ओळखणाऱ्या माणसाला ती द्या आणि बाजूला गप्प उभे राहा. तो जिथे थांबतो, तुमच्याकडे बघतो किंवा अंदाजाने काहीतरी करतो, तिथे ओळ अपुरी आहे. बोलून मदत केलीत तर ती चाचणी राहत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत राबवलेल्या 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' कार्यक्रमातली मांडणी इथे अजूनही उपयोगी आहे: एका रकान्यात महत्त्वाच्या पायऱ्या, शेजारच्या रकान्यात त्या पायरीतला कळीचा मुद्दा. मी तिसरा रकाना कारणाचा ठेवायला सांगेन. 'थिंबल आवळू नका' एवढंच लिहिलं तर ते घाईत विसरलं जातं. 'आवळलं की माप कमी दिसतं' हे शेजारी असेल तर लक्षात राहतं.

आणि नवा कागद लावला त्याच दिवशी जुन्या प्रती टेबलांवरून, ड्रॉवरमधून, मशीनच्या दारांवरून गोळा करा. लॅमिनेट केलेल्या प्रती आधी शोधा, कारण त्या सगळ्यात जास्त टिकतात.